आयव्हीचा उतरायचा दिवस

उजाडता उजाडता मेर्ल अंगणातल्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. जहाज आलंय का, हे तिने पाहिलंच नाही. तिने आधी पाणी पाहिलं.

हाफ ट्री हॉलोतली घरं कड्याच्या ओठावर बसलेली. तिथून सेंट हेलेना बेटावरचं जेम्सटाउनचं बंदर ताटात वाढल्यासारखं दिसतं. वारा पडलेला होता. समुद्र निळा, गुळगुळीत, शहाण्या मुलासारखा. पण धक्क्याखालच्या खडकांना पांढरी किनार होती, आणि ती सावकाश रुंद व्हायची, सावकाश अरुंद व्हायची. खाली कुणी मोठं जनावर झोपेत श्वास घेत असावं तशी.

"झालं," मेर्ल म्हणाली.

ऐकायला घरात कुणी नव्हतं. मुलगा फॉकलंडला पलटणीच्या खानावळीत, मुलगी स्विंडनला, नवरा सिरिल नऊ वर्षांपूर्वी देवाघरी गेलेला. बेटावर असं एकही घर नाही ज्यातलं कुणी ना कुणी बाहेर नाही, त्यामुळे मेर्ल स्वतःला एकटी वगैरे म्हणवून घेत नसे. चारचौघींसारखी होती, एवढंच. टेबलावर मात्र आज दोन ताटं होती. काल रात्रीच मांडून ठेवलेली, वर फडकं टाकून.

तिने फोन लावला.

"वाम, पाणी कसं आहे?"

"कड्यावर राहतेस आणि मला विचारतेस?"

"मला दिसतंय. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"माझ्या तोंडून आज गोड निघणार नाही, टिटवी. तू फिशकेक तळ. पाण्याचं मी बघतो."

वामचं चर्चमधलं नाव स्टेडसन. पण बेटावर चर्चमधलं नाव माणसाला पुरतानाच ऐकू येतं. एरवी लोकांनी ठेवलेलं नाव खरं. स्टेडसन लहानपणी कुणाच्याही हातून वाम माशासारखा सुळकन निसटायचा, म्हणून वाम. मेर्ल काटक्यांसारख्या पायांवर तुरुतुरु पळायची, म्हणून टिटवी. आता त्रेसष्टाव्या वर्षी तिचे पाय काटक्या राहिले नव्हते, पण नाव काही वजनाबरोबर बदलत नाही.

तिच्या थोरल्या बहिणीला, आयव्हीलाही नाव होतं. चिमटा. पंधराव्या वर्षी ती शाळेत लहान पोरांना शिकवायला लागली, आणि पाढा चुकला की दंडाला चिमटा. एकोणीसशे अठ्ठावन्न साली, एकोणिसाव्या वर्षी, ती इंग्लंडला एका बाईंच्या घरी कामाला गेली. करार दोन वर्षांचा. मेर्ल तेव्हा दहा वर्षांची होती. धक्क्यावर गर्दीत तिने आईचा हात शोधला होता, पण आईच्या दोन्ही हातांत आयव्हीचा कोट होता. आयव्ही होडीत बसली, होडी निघाली, आणि मग कुणालातरी कोट आठवला. तो फेकावा लागला. एक बाही पाण्यात भिजली.

त्या दोन वर्षांना आता त्रेपन्न वर्षं झाली होती.

पत्रं यायची, नाताळाची कार्डं यायची, पुढे फोन आला. आयव्ही येत नव्हती. बेटावर विमान उतरत नाही. जहाजाने यायचं तर जाऊन-येऊन सहा आठवडे, आणि आयव्हीच्या नवऱ्याला, लेस्लीला, कारखान्यातून पंधरा दिवसांवर रजा कधी मिळाली नाही. मेर्ल आधी तागाच्या गिरणीत लागली, गिरणी बंद पडली तेव्हा इस्पितळाच्या धुलाईत. विसाव्या वर्षी तिचंही असेन्शन बेटावर जायचं पत्र आलं होतं, तिथल्या कँटीनमध्ये काम होतं.  आई दोन दिवस जेवली नाही. मेर्लने पत्र परत केलं आणि पुढची एकतीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या. जहाजावर ती कधी चढलीच नाही. तिच्यासाठी हातात धरून धक्क्यावर यावं असा कोट कुणी शिवलाच नव्हता.

गेल्या वर्षी आयव्हीचा नवरा वारला. मग तिच्या मुलीने आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या सत्तर दिवसांच्या सफरीचं तिकीट आईला काढून दिलं. त्या सत्तरातला एक दिवस सेंट हेलेनाचा. नऊ ते चार.

"सात तास," आयव्ही फोनवर म्हणाली होती. "सात तासांत काय काय होईल गं?"

"सगळं होईल. आधी घरी, मग जेवायचं, मग आईकडे. तू फक्त उतर."

*

नवाच्या सुमाराला धक्क्यावर ही गर्दी. टॅक्सीवाले, मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायका, किटलीभर कॉफी. समोर उपसागरात जहाज उभं होतं, पांढरं, आपल्या अख्ख्या गावापेक्षा उंच. मोठ्या जहाजाला इथे धक्क्याला लागता येत नाही. माणसं लाँचमधून पायऱ्यांपर्यंत येतात. पायऱ्यांच्या वर लोखंडी दांडी आहे, तिला जाड दोर लोंबतात. लाट लाँचला उचलून पायरीच्या बरोबरीला आणते, दोन अंक मोजेपर्यंत थांबवते, आणि मग पुरुषभर खाली घेऊन जाते. त्या दोन अंकांत दोर धरून पाय टाकायचा. वाम चाळीस वर्षं त्या पायऱ्यांवर उभा होता.

पाहुणा असला की वाम एका हाताने त्याचा दंड धरायचा आणि म्हणायचा, "थांब... थांब... आता." पाहुणा त्या 'आता'वर उडी टाकायचा.

बेटावरचा माणूस असला की वाम काही म्हणत नसे. दोर पुढे करायचा आणि दुसरीकडे बघायचा. आपल्या माणसाला 'आता' म्हणणं म्हणजे जेवायला बसलेल्याला घास कुठे घालायचा ते सांगणं.

मेर्ल डबा घेऊन त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याची पाटलोण मांड्यांपर्यंत भिजलेली होती.

"जहाजावरून निरोप आलाय," तो म्हणाला. "सत्तरीवरच्यांना आणि काठीवाल्यांना उतरवायचं नाही."

मेर्लने डबा खाली ठेवला.

"तुझी बहीण किती?"

"बहात्तर."

"काठी?"

"फोनवर काठी दिसत नाही, वाम."

वामने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. त्याला बोलायचं नसलं की तो पाण्याकडे बघायचा. मेर्लही बघत राहिली. मग तिने डबा उचलला आणि पायरीशी लागलेल्या लाँचमध्ये, लाटेच्या माथ्यावर, सहज पाय टाकला. वामने दोरसुद्धा पुढे केला नाही.

"अगं ए, मेर्ल," लाँच चालवणारा क्लाइव्ह ओरडला, "ही बस नाहीये."

"मग थांबवू नकोस. चल."

*

जहाजाच्या कुशीत पाण्यालगत एक दार उघडं होतं. त्या बाजूला समुद्र आडोशाला होता, लाँच नुसती डुलत होती. दारात पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण अधिकारी, आणि त्याच्या मागे, क्रीम रंगाची टोपी घातलेली, काठीवर दोन्ही हात ठेवलेली एक गोरटेली म्हातारी. इंग्लंडने तिचा सगळा रंग धुऊन काढला होता. मेर्लने तिच्यावरून नजर पुढे नेली, आयव्हीला शोधायला.

"मेर्ल," ती म्हातारी म्हणाली.

 मेर्ल घरून काय काय बोलायचं ठरवून आली होती. शेवटी म्हणाली, "तू बुटकी झालीस."

"तू जाड झालीस."

अधिकाऱ्याने हात आडवा धरला. "बाईसाहेब, माफ करा. आज तुम्हाला उतरता येणार नाही."

"ती उतरत नाहीये," मेर्ल म्हणाली. "नुसती लाँचमध्ये बसणार आहे."

"बसून काय करणार?"

"बसणार," आयव्ही म्हणाली. तिचा उच्चार इस्त्री केलेला, कडक. "मी सत्तर दिवसांचे पैसे भरलेत, बाळ. त्यात कुठे बसायचं ते लिहिलेलं नाही."

त्याने 'उतरणार नाही' अशा कागदावर तिची सही घेतली. ती काठी पुढे टाकत लाँचमध्ये आली, मेर्लच्या शेजारी बसली, आणि दोघी एकमेकींकडे न बघता समोर बघत बसल्या. लाँचमध्ये आणखी वीस पाहुणे होते, त्यांच्यासमोर काय रडायचं.

किनारा जवळ येताना आयव्ही हळूच म्हणाली, "मी सही केली, पण मी उतरणार आहे."

"माहीत आहे."

"मला जमेल. मी काय या पायऱ्या पाहिल्या नाहीत?"

"जमेल," मेर्ल म्हणाली. तिने आयव्हीची काठी आपल्या हातात घेतली, जणू ती कधी नव्हतीच.

पाहुणे एकेक करून उतरले. थांब, थांब, आता. थांब, थांब, आता. शेवटी या दोघी उरल्या. वाम वाकून बघत होता.

"हिला काय म्हणायचं? पाहुणी की आपली?"

मेर्लने उत्तर द्यायच्या आत आयव्ही म्हणाली, "चिमटा."

वामचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने भिजलेला उजवा दंड चोळला. "सातचा पाढा," तो म्हणाला. "सात आठे चोपन्न म्हणालो होतो. डाग आठवडाभर होता."

"छप्पन्न," आयव्ही म्हणाली.

"आता येतंय मला."

"आपली आहे," मेर्ल म्हणाली. एवढ्या मोठ्याने म्हणाली की कॉफीवाल्या बाईने वळून पाहिलं. "आपली आहे, वाम."

वामने दोर पुढे केला आणि मोठ्या अदबीने दुसरीकडे पाहिलं.

आयव्हीने दोर धरला. लाँच वर आली. पायरी समोर, हिरवी, ओली, पावलाएवढ्या अंतरावर. आयव्ही थांबली. लाँच खाली गेली. पुन्हा वर आली. आयव्ही दोर धरून वामच्या मानेकडे बघत होती. तिसऱ्यांदा वर आली, खाली गेली. मेर्लला वाटलं, ती पाणी मोजतेय. चौथ्या खेपेला लाँच खाली जायला लागली तेव्हा आयव्हीने एकदम पाय उचलला.

क्लाइव्हने सुकाणू सोडून तिला कमरेला धरून मागे खेचलं. दोघं फळीवर कोसळली. टोपी पाण्यात पडली, आणि लाँचची कड पायरीवर अशी आपटली की लाकडाचा तुकडा उडाला. तिथे आयव्हीचं पाऊल असतं.

 वामचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"मी बोललो नाही," तो म्हणाला. "टिटवी, मी बोलायला हवं होतं."

"मीच तुला सांगितलं ना, आपली आहे."

"पुन्हा नाही," क्लाइव्ह धापा टाकत म्हणाला. "ऐकतेस, मेर्ल? पुन्हा नाही. माझी लाँच आहे, माझ्यावर शेकेल. बसायचं तर बसा दिवसभर. पण पायरी विसरा."

*

म्हणून त्या बसल्या. जहाज ते पायरी, पायरी ते जहाज. पाहुणे चढत होते, उतरत होते, माळा घालून परत येत होते, आणि या दोघी मागच्या फळीवर डबा मध्ये ठेवून बसलेल्या. आयव्हीचे पांढरे केस उघडे पडले होते. टोपी गेल्यावर ती थोडी ओळखीची दिसायला लागली.

"त्याने 'आता' म्हटलं नाही," आयव्ही दुसऱ्या फेरीला म्हणाली.

"आपल्यांना नाही म्हणत तो."

आयव्हीने हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "मला ते माहीत होतं. आठवलं नाही. मी उभी राहून वाट बघत होते, की तो म्हणेल."

मेर्लने डबा उघडला. फिशकेक, आणि टोमॅटोचं तिखटमीठ भरलेले पावाचे तुकडे. आयव्हीने एक फिशकेक घेतला, चावला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एवढी मिरची खायचो आपण?"

"आपण नाही, मी. तू नाक पुसत बसायचीस. आई तुझे वेगळे तळायची."

"खरंच?"

"चिमट्याचे फिके, म्हणायची. तू गेल्यावर सुद्धा कितीतरी दिवस चार फिके तळायची. मग मी खायचे."

आयव्हीने तो तिखट फिशकेक सगळा खाल्ला.

तिसऱ्या फेरीला मेर्लने कड्याकडे बोट केलं. "हिरवं छप्पर दिसतंय? पाण्याच्या टाकीच्या डावीकडे."

"आपलं लाल होतं."

"ते गंजलं. सिरिलने हिरवं घातलं. मला लालच हवं होतं, पण जहाजातून त्या खेपेला हिरवा रंगच आला होता. चल."

"कुठे?"

"घरी. टॅक्सी वर आली, वळण घेतलं, मला जरा मळमळलं, आणि आपण उतरलो. फाटक ढकल. जोरात. खाली घासतं ते."

आयव्हीने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच उजवा हात पुढे केला आणि हवेत ढकलला.

"उंबऱ्याला ठेच लागेल, जप. उजवीकडे स्वयंपाकघर. खिडकी मोठी केलीय."

"आईची खुर्ची?"

"आहे. वेत तीनदा बदलला, लाकूड तेच. बस."

"मी नाही बसणार त्यात."

"बस गं. कुणी उठवत नाही."

समोर बसलेल्या एका पाहुण्याला वाटलं या दोन बायका भांडतायत. तो उगाच हसला. मेर्लने त्याच्याकडे दुर्लक्ष करून ताटं वाढली. खालचा भाताचा थर कुरकुरीत झालेला प्लो, त्यात मटणाचे तुकडे, शेजारी लोणचं. दोघींनी जेवण केलं. भांडी उद्या घासू, मेर्ल म्हणाली. मग सेंट पॉल चर्चच्या आवारात आईकडे गेल्या. तोवर लाँच जहाजाला लागून परत फिरली.

"दगडावर काय लिहिलंय?" आयव्हीने विचारलं.

"नाव. सालं. आणि दोघींची आई, असं. दोघी लिहा म्हणून मीच सांगितलं."

लाँच डुलली. आयव्ही म्हणाली, "मेर्ल, ती दोन वर्षं संपली तेव्हा मी तिकीट काढलं होतं."

मेर्लने डब्याचं झाकण लावलं.

"बाईंनी सहा महिने अजून थांब म्हटलं. त्या सहा महिन्यांत लेस्ली भेटला. मी ठरवून राहिले नाही गं. राहून गेले. आणि मग दर वर्षी परत यायला जास्त जास्त लाज वाटायला लागली. आई गेली त्याची तार आली तेव्हा मी मुलीला अंघोळ घालत होते. ओल्या हाताने घेतली. अक्षरं फिस्कटली, तरी वाचता आली."

मेर्लला विचारायचं होतं, तू आली असतीस तर मी गेले असते, हे तुला कधी सुचलं का. त्रेचाळीस वर्षं तो प्रश्न तिने चादरींबरोबर पिळून वाळत घातला होता. पण आयव्हीच्या हनुवटीला फिशकेकचा चुरा लागला होता. तिने तो बोटाने काढला.

"मला असेन्शनला जायचं होतं," ती एवढंच म्हणाली.

"माहीत आहे. आईने लिहिलं होतं."

"आईने लिहिलं?"

"लिहिलं होतं, टिटवी माझ्यासाठी राहिली. आणि पुढे, तू कधी आलीस तर तिला सांगू नकोस की मला कळलंय, असं."

मेर्ल जहाजाकडे बघायला लागली. पांढऱ्या भिंतीवर गोल खिडक्यांची रांग होती. आत दिवे लागलेले. लोक आत काय करत असतील, कुठे झोपत असतील, पाणी कुठून येत असेल, हे सगळं तिला विचारायचं होतं आणि आता वेळ उरला नव्हता.

"तुझी खिडकी कुठली?" तिने विचारलं.

"मला खिडकी नाही. आतली खोली आहे. स्वस्त पडते."

दोघी हसल्या. खूप हसल्या, दिवसभरात पहिल्यांदा.

*

साडेतीनला क्लाइव्हने शेवटच्या पाहुण्यांसाठी लाँच पायरीशी आणली. पाणी थोडं उतरलं होतं, पण लाँचची फुटलेली कड अजून पांढरी दिसत होती.

"क्लाइव्ह," आयव्ही म्हणाली, "पाय नाही टाकत. जरा जवळ ने फक्त."

क्लाइव्हने वामकडे पाहिलं. वामने पाण्याकडे. मग क्लाइव्हने लाँच हातभर आत घेतली.

आयव्ही कडेला सरकली. मेर्लने तिला मागून कमरेला घट्ट मिठी मारली, आणि तशीच, आयव्हीच्या खांद्यावरून, म्हणाली, "वाम. बोल."

"टिटवी, अगं आपल्या माणसाला..."

"बोल म्हणते ना."

वाम खाली वाकला. लाँच वर चढायला लागली.

"थांब," तो म्हणाला.  "थांब... थांब... आता."

आयव्हीने हात पुढे टाकला आणि पायरीवर सबंध तळवा टेकवला. बोटं पसरून. दोन अंक. मेर्लला तिच्या पाठीतला श्वास आत जाताना कळला. मग समुद्राने लाँच खाली ओढली आणि दगड वर निघून गेला.

जहाजाच्या दाराशी पोचेपर्यंत आयव्हीने त्या हाताची मिटलेली मूठ उघडली नाही. अधिकाऱ्याने हात दिला तेव्हा तिने डावा पुढे केला. मेर्लने काठी मागून दिली. निरोप असा काही झाला नाही. दारात आणखी वीस माणसं शिरायची होती.

मेर्ल रिकाम्या लाँचमधून परत आली. वाम एकटाच दोर गुंडाळत होता.

"गावात विचारतील," तो म्हणाला. "उतरली का चिमटा, म्हणून. काय सांगू?"

मेर्लने डबा काखोटीला मारला. वर कड्यावर हिरव्या छपराखाली दोन ताटं फडक्याखाली होती आणि प्लो दोघींपुरता केलेला होता.

"सांग, समुद्र होता," ती म्हणाली. "आणि तू जेवायला ये. दोन ताटं मांडलीत, एक तरी वापरलं जाऊ दे."

"मटण आहे?"

"आहे. पण आईच्या खुर्चीत बसायचं नाही."

ती चढण चढायला लागली. पाठीमागे जहाजाचा भोंगा वाजला, एकदा, लांब. मेर्ल थांबली. वळली नाही. भोंगा संपेपर्यंत थांबली आणि मग पुढे चालायला लागली.